गाडी तापली नाही, ताई

ताई, गाडी तापली नाही. मला अजून तेच कळत नाहीये.

चौलच्या त्या अरुंद रस्त्यात आपण अडकलो होतो. रविवारची दुपार, सगळी मुंबई परत निघालेली. पुढे एसटी, मागे पर्यटकांची मोठी बस, डाव्या अंगाला कुणाच्या तरी वाडीचं कुंपण आरशाला घासत होतं. तू माझ्या शेजारी बसली होतीस, छातीवर हात दाबून. इंजिन शांत चालू होतं. तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली, जसा हवा तसा. आणि त्या रांगेतच तू गेलीस.

लोक येतात, पडवीत बसतात, पाणी पितात. हार्टॲटॅक आला हे त्यांना आधीच कळलेलं असतं. मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन प्रत्येकजण विचारतो, "वाटेत गाडी बंद पडली होती का?" तुझ्या गाडीचं दुखणं साऱ्या गावाला माहीत होतं ना. मी म्हणते, नाही. गाडीला काहीसुद्धा झालं नव्हतं. मग ते पेला खाली ठेवून उठतात. 

गाडी तापली असती तर निदान मला ओरडायला काहीतरी मिळालं असतं.

खालच्या घरातला दामूकाका तर आल्यापासून रडतोच आहे. त्याला राहून राहून त्या शनिवारची आठवण येते. मलाही येते. तो सकाळी धावत वर आला होता, पायात चपला नाहीत. "बाई, सुनंला कळा सुटल्यान. मुरुडच्या डॉक्टरान सांगतलान, अलिबागला न्या. येळ न्हाय." मी पनवेलहून आदल्या संध्याकाळीच आले होते, चहा पण संपला नव्हता. तू नुसती चावी उचललीस. शाळेतून निवृत्त झाल्यावर तू ते एक काम अंगावर घेतलं होतंस. काशीदपासून नांदगावपर्यंत कोणाला काही झालं की बाबांची ती जुनी पांढरी गाडी निघायची आणि चालवायला विज्ञानाच्या बाई.

बोर्लीपर्यंत ठीक होतं, कोर्लईपर्यंत ठीक होतं. रेवदंड्यात गाड्या थांबल्या आणि काटा वर सरकायला लागला. मागच्या सीटवर त्याची सून साक्षी कण्हत होती, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन देवीचं नाव घेत होती. तू काय केलंस? हीटर लावलास! एप्रिल महिना, अंगाची लाही लाही होतेय, आणि तू हीटर पूर्ण सोडलास.

"ताई, वेड लागलंय का?"

"इंजिनची उष्णता आत घेतेय. तेवढाच त्याला आराम. काचा खाली कर."

"बाई, लय गरम व्हतंय," साक्षी म्हणाली.

"होऊ दे बाळ. थोडं सोस."

आपण सगळ्यांनी सोसलं, पण गाडीने नाही सोसलं. बॉनेटमधून फसकन वाफ आली आणि तू चावी फिरवून इंजिन बंद केलंस. मागचे हॉर्न वाजवत होते. एकजण उतरून म्हणाला, असला खटारा रस्त्यावर आणता कशाला? तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. पुढे मासळीचा एक रिकामा टेम्पो होता, तू त्याच्या खिडकीवर थापा मारल्यास. तो भला माणूस. बर्फाची खोकी बाजूला करून त्याने साक्षीला आडवं केलं, तू आणि दामूकाकाची बायको तिच्या दोन्ही बाजूंना, आणि टेम्पो कच्च्या वाटेने, कुणाच्या तरी अंगणातून, बागेतून निघून गेला. मी उरले गाडीपाशी. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. आता वाटतं.

गाडी मी ओढून घरी आणवली. संध्याकाळी तू एसटीने परत आलीस. साडीला मासळीचा वास, केस सुटलेले. पायरीवर बसलीस आणि म्हणालीस, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." पदराने तोंड पुसलंस. आणि मग, "शुभे, ती माझ्या गाडीत गेली असती गं. आता कारण कळल्याशिवाय मी या गाडीत कोणालाही बसवणार नाही."

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, विकून टाक आणि पनवेलला चल, दोन खोल्या रिकाम्या आहेत. तू म्हणालीस, गाडी विकली तर मी इथे काय करू? मी म्हटलं, म्हणूनच तर म्हणतेय, चल. तू म्हणालीस, आणि इथल्यांनी काय करायचं? या भांडणाचा शेवट झालाच नाही. दर शनिवारी मी ते पुढे सुरू करायचे आणि तू ताटात आमटी वाढून ते मोडायचीस.

अलिबागच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल. मला ते पटलं, मला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणूनही असेल. तुला पटलं नाही. गाडी थंड असताना, सकाळी, तू रेडिएटरचं झाकण उघडून मला दाखवलंस. "हे बघ. त्या दिवशी उकळून गेलं ते मी भरलं. त्यानंतर पाणी इतकंसुद्धा उतरलेलं नाही. आता ऑइलची काडी बघ. गॅस्केट गेलं असतं तर ऑइलात पाणी मिसळून चहासारखं झालं असतं. कुठे झालंय?"

"मग तो खोटं बोलतोय?"

"खोटं कशाला बोलेल? अंदाज केला त्याने. पण अंदाजावर पोट फाडायचं नसतं कोणाचं."

मग तू मुरुडच्या मेकॅनिक अन्वरभाईला धरलंस. त्याच्या दोन्ही मुली तुझ्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे तो तुला बाईच म्हणायचा आणि मला बहन. त्याने थर्मोस्टॅट बदलला. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या जाळीचा काही भाग कुजला होता, तो साफ केला. आतून रेडिएटर धुतला, नवं कूलंट भरलं. आपण चाचणीला निघालो. नांदगावपर्यंत झकास. परत येताना सुरूच्या बनात तू गाडी उभी केलीस, इंजिन चालू ठेवून, ट्रॅफिकमध्ये उभी असल्यासारखी. आणि काटा निघाला वर.

तुला आठवतं, मी किती चिडले होते? तू मात्र समुद्राकडे बघत बसलीस. "पळते तेव्हा तापत नाही. उभी राहिली की तापते. यात फरक कशाचा, शुभे?"

"मला काय विचारतेस?"

"वाऱ्याचा. पळताना समोरून वारा मिळतो. उभी असताना तो वारा फॅनने द्यायचा."

"पण फॅन तर फिरतोय. अन्वरभाईने दाखवला की."

"हो ना. फिरतोय." एवढंच म्हणालीस. पण घरी येईपर्यंत तुझ्या कपाळावरची आठी गेली नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा अन्वरभाईकडे. बदामाच्या झाडाखाली गाडी, बॉनेट उघडं, इंजिन चालू. तो म्हणत होता, आता वॉटर पंप खोलून बघू. तू म्हणत होतीस, पंप खराब असता तर पळतानाही तापली असती. तुमचं दोघांचं चाललेलं, आणि मी उन्हात गाडीच्या पुढ्यात उभी, कंटाळलेली, उपाशी. तेवढ्यात फॅन लागला आणि माझी ओढणी उडून तोंडावर आली.

"शी! केवढी झळ येतेय अंगावर. चुलीपुढे उभं केल्यासारखं."

तू बोलता बोलता थांबलीस. "कुठून येतेय झळ?"

"कुठून म्हणजे? गाडीतून. या जाळीतून."

"जाळीतून बाहेर?"

"मग काय आत?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं मी काही भलतंच बोलले. पुढे आलीस, माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलंस आणि जाळीसमोर धरलंस. ते फडफडत बाहेर उडालं. तू पुन्हा धरलंस. पुन्हा उडालं. अन्वरभाई वाकून बघायला लागला आणि वाकलेलाच राहिला.

"या अल्ला," तो म्हणाला. "बाई, उलटा फिरतोय."

सगळेजण फॅन फिरतोय का एवढंच बघत होते. तो कुठल्या दिशेने फिरतोय हे कोणीच बघितलं नव्हतं. बाहेरची हवा आत ओढण्याऐवजी तो इंजिनची गरम हवा बाहेर ढकलत होता. गाडी पळाली की समोरचा वारा त्याला पुरून उरायचा. थांबली की इंजिनची झळ इंजिनलाच. मग तुला आठवलं, हिवाळ्यात पनवेलला येताना फॅनची मोटर जळली होती आणि हायवेवरच्या कुठल्याशा गॅरेजमध्ये घाईघाईत नवी बसवून घेतली होती. तिथे दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या. अन्वरभाईने त्या सोडवून फिरवून जोडल्या. चहा यायच्या आत काम झालं. तू पुन्हा ओढणी धरलीस आणि ती जाळीला घट्ट चिकटून बसली, आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखी.

तू टाळ्या वाजवल्यास, ताई. रस्त्यावर, मुरुडात, साठीची बाई. अन्वरभाई कपाळावर हात मारून हसत होता आणि म्हणत होता, "इतकी वर्षं गाड्यांत घालवली, आणि पकडलं कोणी? ओढणीने!"

कोणी पकडलं यावर आपण घरी येईपर्यंत भांडलो. मी म्हटलं, तू ओळखलंस. तू म्हटलंस, तू कुरकुर केली नसतीस तर मी काय ओळखणार होते? तू दामूकाकाला सांगितलंस, शुभाने शोधलं. मी त्याच्या बायकोला सांगितलं, ताईने शोधलं. त्या दोघांचं यावरून घरात भांडण झालं म्हणे.

आणि त्यानंतरचा तो रविवार. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मूर्ख आणि सर्वांत सुखाचा रविवार असेल. "दुपारी निघू," तू म्हणालीस, "गर्दीत." लोक गर्दी चुकवायला पहाटे निघतात, आणि आपण दोघी मुद्दाम रेवदंड्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो. भाजलेल्या शेंगांची पुडी मध्ये ठेवलेली. आजूबाजूला पोरं रडत होती, ड्रायव्हर एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते, आणि तू म्हणत होतीस, "सुटू नये गं एवढ्यात, अजून जरा बघू दे." फॅन लागायचा, काटा थांबायचा. फॅन बंद व्हायचा, पुन्हा लागायचा. रांग सुटली तेव्हा तुझा चेहरा उतरला. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

त्या दिवसानंतर तू पुन्हा लोकांना नेऊ लागलीस. कोणाच्या पायात काच गेली, कोणाला ताप. मला फोनवर सांगायचीस, शेवटी एक वाक्य ठरलेलं, "आणि तापली नाही हं."

मला तुझा राग येतो, ताई. एका फॅनसाठी तू आठवडेच्या आठवडे घालवलेस. पाणी तपास, काडी तपास, उभी करून बघ, पळवून बघ. आणि स्वतःच्या छातीत दोन दिवस जळजळत होतं तर ओवा खाल्लास. ओवा! मी शनिवारी आले तेव्हा म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तू म्हणालीस, "पित्त आहे. फणसाची भाजी जास्त झाली." मीही मानलं. तू सांगितलेलं मी नेहमीच मानत आले.

रविवारी जेवणं झाली आणि तू पडवीत खुर्चीवर बसलीस ती उठेचनास. अंगाला घाम फुटलेला, चेहरा राखेसारखा. गावातला डॉक्टर आला, त्याने जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाला, ताबडतोब अलिबाग. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती आणि येताना त्याच गर्दीत अडकली होती. मी चावी घेतली. दामूकाका आणि मी तुला धरून गाडीत बसवलं. तो मागे बसला.

रेवदंड्याच्या पुलावरून आपण नीट गेलो. तू बाहेर खाडीकडे बघत होतीस. "घाई करू नकोस," म्हणालीस. "नीट चालव."

"बोलू नकोस ताई."

"बरं."

चौलला रांग थांबली. दामूकाका उतरून पुढे धावला, गाड्यांच्या बॉनेटवर हात आपटत ओरडायला लागला, "वाट द्या, वाट द्या, आमच्या बाई हायत." कोणीतरी दुचाकीवाले त्याला सामील झाले. पण वाट कुठे होती द्यायला? एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला कुंपण.

फॅन लागला. त्याचा तो घरघर आवाज आला आणि तू डोळे उघडलेस.

"काटा?" तू विचारलंस.

"ठीक आहे. मध्ये आहे."

"बघ," तू म्हणालीस. हसलीस का? मला वाटतं हसलीस. मी समोर बघत होते, मला खात्रीने सांगता येत नाही. मग म्हणालीस, "शुभे, अन्वरला..."

एवढंच.

मी म्हटलं, "अन्वरला काय?" पुन्हा म्हटलं, "अन्वरला काय, ताई?" मान वळवून बघितलं तर तू खिडकीकडे कललेली होतीस. मी तुला हलवलं. किंचाळले असणार, कारण मागच्या बसमधून एक तरुण बाई धावत आली, मी डॉक्टर आहे म्हणाली. तिने आणि दुचाकीवाल्यांनी तुला रस्त्यावर आडवं केलं. त्या तापलेल्या डांबरावर कोणीतरी आपली चादर अंथरली, समुद्रावरून आणलेली, वाळूने भरलेली. ती तुझी छाती दाबत राहिली, थांबली नाही, ती दमली तेव्हा तिच्याबरोबरच्या माणसाने दाबली. मी तुझे पाय धरून बसले होते. गाडी दार उघडं टाकून तशीच चालू होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली तेव्हाही चालू होती. मग पुढची रांग सुटली, आणि मागून, दूरवरून, ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांचे हॉर्न वाजायला लागले.

दामूकाका तुझं डोकं धरून मागे बसला आणि मी गाडी चालवत अलिबागला गेले. कशी गेले, विचारू नकोस. गिअर कसे टाकले, सिग्नल होता की नव्हता, काहीच आठवत नाही. परतीला तुला ॲम्ब्युलन्समधून आणलं आणि तिच्या मागून गाडी मीच आणली. सगळे नको म्हणत होते. मी चावी सोडली नाही.

अन्वरभाई दुसऱ्या दिवशी आला. सरळ गाडीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मी गेले तर तो बॉनेटवर हात ठेवून होता. शेवटी म्हणाला, "बहन, खरं सांग. गाडीने दगा तर नाही दिला?"

"नाही, भाई. तुमचं काम टिकलं."

तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. "तौबा," म्हणाला, "बाई गेल्या आणि मला हायसं वाटलं. मी कसला माणूस?" मी त्याच्या शेजारी बसले. मला त्याच्यावर रागवता आलं नाही. मग मी त्याला तुझं ते अर्धं वाक्य सांगितलं. त्याने डोळे पुसले, खूप विचार केला. सर्व्हिसिंगची तारीख? मुलीच्या लग्नाला येणार होतीस ते? शाबासकी? निरोप? आम्ही दोघांनी सगळं लावून बघितलं, कुठलंच बसेना. जाताना तो म्हणाला, "राहू दे बहन. काही नसेल. नाव घेतलं, बस." पण फाटकातून तो पुन्हा एकदा मागे वळला, काहीतरी सुचल्यासारखा. मग मान हलवून गेला.

ताई, पनवेलहून ऑफिसचे फोन येतात. कधी येणार विचारतात. मी म्हणते, बघते.

काल सकाळी फाटक वाजलं. वरच्या पाड्यावरची एक बाई, मी तिला ओळखत नव्हते. तिच्या खांद्याला तिची म्हातारी आई, श्वास लागलेली, छातीतून शिट्टीसारखा आवाज. ती मला म्हणाली, "बाई हायत का? जरा मुरुडला न्यायची होती आयला."

इतके दिवस आलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं. मला कोणालाच सांगावं लागलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा माझ्याच कानांनी ते ऐकलं. "बाई गेल्या."

"गावाला?"

"नाही. गेल्या."

 म्हातारीला यातलं काही ऐकू आलं नसावं, ती आपली श्वास ओढत होती. त्या बाईने पदर तोंडाला लावला, आईचा हात धरला आणि परत फिरायला लागली. मी म्हटलं, "थांबा. त्यांना मागे बसवा." आत जाऊन चावी आणली.

गाडी चालवायला बसले आणि दोन्ही गुडघे स्टिअरिंगला आपटले. कळ गेली पार डोक्यापर्यंत. तेव्हा कळलं, गुडघ्यांवरचे हे काळेनिळे डाग कशाचे, जे मी इतके दिवस आंघोळ करताना नुसती बघत होते. तू बुटकी, सीट पार पुढे ओढून बसायचीस. त्या रविवारी अलिबागपर्यंत आणि अलिबागहून घरापर्यंत मी तुझ्याच मापात दुमडून बसले होते आणि मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं.

मागून म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. मी सीटखाली हात घातला, दांडी शोधली, ओढली, आणि पाय रोवून सीट मागे ढकलली. पाय सरळ झाले. मग आम्ही मुरुडला निघालो.